साचा कोणाच्या मालकीचा?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या महाविद्यालयातून काही वर्षांपूर्वी वाणिज्य शाखेची पदवी घेऊन बाहेर पडलेला एक विद्यार्थी सायंकाळी घरी आला. तो आता पैठण रस्त्यावरील एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे आणि त्याच्यापाशी दोन मालकांच्या हातून आलेली एक जुनी मोटार आहे. खिशातून त्याने वहीचे दुमडलेले पान काढले व म्हणाला, "सर, एवढा करारनामा तुम्ही लिहून द्या. वकिलाकडे जायला संकोच वाटतो." पानावर बारा नावे होती, प्रत्येक नावापुढे वर्गणीचा आकडा होता आणि तळाशी तीन प्रश्न होते. मूळ नग कोणाकडे राहणार? साचा कोणाकडे राहणार? तेरावा माणूस आला तर काय?

अर्थशास्त्र शिकविणाऱ्यास असे प्रश्न घरबसल्या क्वचितच मिळतात. स्थिर खर्च, सीमांत खर्च आणि फुकटात लाभ घेणाऱ्याचा प्रश्न, या प्रकरणांवर वर्गात जेवढे तास मी खर्ची घालतो त्या सर्वांचे सार त्या पानावर उतरले होते. म्हणून या बारा जणांचा उद्योग येथे काहीशा विस्ताराने मांडावासा वाटतो.

उद्योग असा. मोटारीचे रूप बदलण्यासाठी पुढचा व मागचा बंपर, दरवाजांखालील बाजूच्या पट्ट्या आणि डिकीवरील स्पॉयलर यांचा एक संच मिळतो. हौशी मंडळींच्या भाषेत तो 'बॉडी किट'. जपान, जर्मनी आदी देशांत असे संच तयार करणारे स्वतंत्र व्यावसायिक आहेत. आपल्याकडे तो संच मागवावयाचा तर वस्तूच्या किमतीहून वाहतुकीचाच भार अधिक जाणवतो. बंपर वजनाने हलका, परंतु आकाराने अवाढव्य. आणि अशा मालाचे भाडे वजनावर नव्हे तर त्याने अडविलेल्या जागेवर आकारले जाते. म्हणजे ग्राहक बव्हंशी पोकळीचे भाडे भरतो. त्यावर सीमाशुल्क आणि वस्तू व सेवा कर. पगारदार तरुणाच्या आवाक्यात ही गोष्ट बसत नाही. मोटारीचे ते मॉडेल बंद पडलेले असेल तर दुकानदारही असा माल ठेवीत नाही, कारण गिऱ्हाईक थोडे आणि विखुरलेले. अशा वेळी एकाच मॉडेलचे मालक एकमेकांना हुडकून काढतात, वर्गणी जमवितात, एक अस्सल संच मागवितात आणि फायबरच्या कारागिराकडून त्याची नक्कल करवून घेतात.

ही नक्कल होते कशी, हे मी मुद्दाम जाऊन पाहिले. शहराबाहेरची एक पत्र्याची शेड, आत रेझिनचा डोक्यात जाणारा वास. अस्सल नगावर मेणाचे थर घासून चढवितात, म्हणजे पुढे साचा सुटा होतो. त्यावर जेलकोट, मग काचतंतूंची चटई अंथरून तीत ब्रशने रेझिन मुरवितात; हार्डनरचे प्रमाण हवेतील उष्म्यावर बेतलेले असते आणि ते कारागिराच्या हातात असते, पुस्तकात नव्हे. असे थरावर थर देऊन, पाठीमागे आधाराच्या पट्ट्या बसवून साचा तयार होतो. बंपरची वळणे आतल्या बाजूस वळलेली असली तर तो एकसंध निघत नाही. दोन-तीन तुकड्यांत करून बोल्टांनी जोडावा लागतो. खरे कसब येथे लागते. एकदा साचा साधला की त्यातून नग काढणे हे त्या मानाने सोपे काम. चांगला राखला तर एका साच्यातून पन्नास, कधी शंभरही नग निघू शकतात.

पैठणच्या माणसास अस्सल पैठणीची एक परीक्षा ठाऊक असते : पदर उलटून पाहावा. हातमागावर विणलेल्या पैठणीची उलटी बाजू सुलटीसारखीच स्वच्छ असते. मीही सवयीने तो नवा बंपर उलटा करून पाहिला. बाहेरून आरशासारखा, आतून काचतंतूंचे खरखरीत जाळे. हा दोष कारागिराचा नव्हे, पद्धतीचा आहे. परंतु दोन गोष्टी त्यातून ध्यानात येतात. मूळ नग बहुधा लवचिक प्लॅस्टिकचा असतो, गतिरोधकास घासला तर वाकून परत येतो, फायबरचा तडकतो. दुसरे असे की रेझिन सुकताना किंचित आकसते. त्यामुळे नकलेवरून पुन्हा साचा घेतला, आणि त्या साच्यातून आणखी नक्कल काढली, की प्रत्येक पिढीस फट वाढत जाते. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या संचांचे कोपरे मोटारीस का बसत नाहीत, याचे एक कारण हे आहे.

आता हिशेब. आकडे केवळ सोयीसाठी घेतो. मूळ संच व साचा मिळून एक लाख वीस हजार रुपये खर्च आला आणि पुढे प्रत्येक संच काढण्यास दहा हजार लागले, असे समजू. एकट्याने केले तर एक लाख तीस हजार. बारा जणांनी केले तर प्रत्येकी वीस हजार. चोवीस जण मिळाले तर पंधरा हजार. साखर कारखान्याच्या भागभांडवलापासून गणेशमंडळाच्या मांडवापर्यंत हेच गणित आपल्याकडे चालत आले आहे. त्यात नवे काही नाही, आणि या तरुणांनी ते कोणी न शिकविता जुळविले याचे मला कौतुक वाटते. ज्यांना हे सारे चोचले वाटतील त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. मनुष्याने स्वकमाईचे वीस हजार रुपये कशावर खर्च करावेत हे ठरविण्याचा अधिकार अर्थशास्त्राने कधी मागितलेला नाही.

अडचण पुढे आहे. कारकून, शिक्षक, दुकानदार या सर्वांच्या परिचयाची भिशी घ्या. भिशीत जमलेला पैसा प्रत्येकाच्या वाट्यास पाळीपाळीने येतो आणि फेरी संपली की मागे काही उरत नाही. साच्याच्या वर्गणीत तसे नाही. बाराही संच निघाल्यावर एक टिकाऊ वस्तू मागे राहते, आणि तिच्यातून आणखी कितीतरी संच निघू शकतात. तेरावा माणूस येतो तेव्हा साच्याचा खर्च वसूल झालेला असतो. त्याला दहा हजारांवर थोडाफार नफा देऊन संच मिळतो. ज्यांनी आधी धोका पत्करला ते महागात पडले, जो थांबला तो शहाणा ठरला. ही गोष्ट सर्वांस आधीच कळत असेल तर प्रत्येक जण थांबणेच पसंत करील आणि साचा मुळी होणारच नाही. त्या बारा जणांनी यावर जो उपाय काढला होता तो ऐकून मी चकित झालो. बारावा संच निघाला की साचा फोडून टाकावयाचा.

त्यांच्या बाजूने पाहिले तर हा निर्णय तर्कशुद्ध आहे. साचा फुटणार हे आधी जाहीर झाले म्हणजे कोणी थांबत नाही. परंतु समाजाच्या बाजूने पाहिले तर हा निव्वळ नाश आहे. एका कारागिराचे कित्येक दिवसांचे कसब, ज्यातून आणखी पन्नास नग निघाले असते, ते हातोड्याने फोडावयाचे. तेही वस्तू निकामी झाली म्हणून नव्हे, तर तिच्या मालकीचा प्रश्न सोडविता येत नाही म्हणून. सरळ उपाय उघड आहे. तेराव्यापासून पुढे प्रत्येक संचामागे ठरावीक रक्कम मूळ बारा जणांकडे यावी, तीत कारागिराचाही हिस्सा असावा, आणि वर्गणी फिटल्यावर साचा कारागिराचा व्हावा. हे सर्व एका कागदावर मावते. त्या वहीच्या पानावर कारागिराचे नाव कोठेच नव्हते, हे मला नमूद केले पाहिजे, विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "त्याची मजुरी देतोच की, सर."

मोटारींसाठी एकत्र येणे ही आपल्या जिल्ह्यास नवी गोष्ट नव्हे. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबाद शहरातील, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातील, उद्योजक आणि व्यावसायिकांच्या एका समूहाने सुमारे दीडशे मर्सिडीज-बेंझ मोटारी एकाच व्यवहारात खरेदी केल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटी रुपयांचा होता आणि त्यातील मोठा भाग भारतीय स्टेट बँकेने ७ टक्के व्याजाने कर्जाऊ दिला होता. शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला त्याहून कितीतरी अधिक व्याज पडत असताना असे घडावे, ही विसंगती पी. साईनाथ यांनी तेव्हाच लेख लिहून वेशीवर टांगली. त्या वादात येथे शिरावयाचे नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. त्या दीडशे जणांच्या पाठीशी सर्व कागद सिद्ध होते : कंपनीचे बिल, बँकेचे तारण, विम्याची पावती. त्यांच्या एकत्र येण्यातून घासाघीस करण्याची शक्ती निर्माण झाली; उत्पादन मात्र काहीच निर्माण झाले नाही. बारा जणांचे नेमके उलट आहे. त्यांच्या एकत्र येण्यातून एक उत्पादनाचे साधन जन्मास येते, परंतु त्याच्या पाठीशी एकही कागद नाही.

कागद का नाही? कारण तो लिहिता येत नाही. मी त्या सायंकाळी खरोखरच लिहावयास बसलो आणि 'उद्देश' या पहिल्याच कलमापाशी थांबलो.

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल असा बदल मालकास करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक अनधिकृत बदलास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. बंपर बदलल्याने हे कलम मोडतेच काय, यावर विद्वानांत वाद होऊ शकेल. रस्त्यावर मात्र तो वाद समोर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याच्या समजुतीप्रमाणे सुटतो.

कायद्याची चिंता निराधार आहे असे मी म्हणत नाही. मोटारीपुढे बसविण्यात येणाऱ्या लोखंडी गार्डांवर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये बंदीचे आदेश दिले, ते पादचाऱ्यास होणाऱ्या इजेमुळे. आमच्या बारा जणांच्या बंपरलाही हा विचार लागू आहे. अस्सल बंपर म्हणजे नुसते बाहेरचे कातडे नव्हे. त्यामागे धक्का शोषणारा भाग असतो, रेडिएटरकडे हवा नेणाऱ्या वाटा असतात. साचा नक्कल करतो ती कातड्याची. आतले शास्त्र काचतंतूंच्या चटईत उतरत नाही. ते तपासावे लागते, आणि तपासण्याचे यंत्र एखाद्या शेडमध्ये असत नाही.

दुसरा अडसर नकलेचा. येथे आपला कायदा जेवढा कठोर समजला जातो तेवढा नाही. डिझाइन्स अधिनियम २००० खाली नोंदणी झालेल्या आकृतीस दहा वर्षे आणि वाढवून आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते. परंतु ती नोंदणी भारतात झालेली असली पाहिजे. नोंदलेल्या आकृतीची चोरी केल्यास दर उल्लंघनामागे २५,००० रुपयांपर्यंत आणि एका आकृतीसाठी एकूण ५०,००० रुपयांपर्यंत रक्कम वसूल होऊ शकते, अथवा मालक नुकसानभरपाईचा दावा लावू शकतो. नोंदणीयोग्य असूनही न नोंदलेल्या आकृतीवरील स्वामित्व, मालकाने स्वतः तिच्या पन्नासाहून अधिक प्रती यंत्रोद्योगाने काढल्या की कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ नुसार संपते. म्हणजे परदेशी संचाची येथे नोंदणी झालेली नसेल तर त्याची नक्कल कायद्याने कदाचित निर्वेध ठरेल. मनाने ठरते काय, हा प्रश्न वेगळा. पैठणमध्ये राहणाऱ्यास तो टाळता येत नाही. हातमागावरील एका पैठणीस महिने लागतात आणि तिच्या मोराची, कमळाची नक्कल यंत्रमागावर पाहता पाहता होते. भौगोलिक निर्देशनाच्या नोंदणीने नाव राखले गेले, परंतु बाजारात 'सेमी पैठणी' खुलेआम विकली जाते आणि घेणाराही जाणूनबुजून घेतो. त्या नकलेबद्दल हळहळणारे आपण, या नकलेकडे हौस म्हणून पाहतो.

तथापि नक्कल ही उद्योगाची पहिली इयत्ता आहे, हेही इतिहास सांगतो. पहिली इयत्ता सोडून दुसरीत जाण्याची वाट असली म्हणजे झाले. आपल्याच राज्यात अलिबागकडील चिंकारा मोटर्सने या शतकाच्या आरंभी इंग्लंडच्या लोटस सेव्हनच्या धर्तीवर फायबरच्या अंगाची दोन आसनी मोटार बांधून दाखविली. म्हणजे कसब नव्हते असे नाही. इंग्लंडमध्ये मूळ लोटस सेव्हन बांधण्याचे हक्कच १९७३ साली कॅटरहॅमने विकत घेतले आणि पुढे त्याच आकृतीवर कित्येक दशके व्यवसाय केला. जर्मनीत मोटारीचा सुटा भाग तपासून त्यासोबत प्रमाणपत्र देण्याची पद्धत रूढ आहे. तो कागद दाखविला की अधिकाऱ्याच्या मर्जीचा प्रश्न उरत नाही. अमेरिकेने २०१५ च्या कायद्याने लहान उत्पादकास वर्षाला ३२५ पर्यंत प्रतिकृती मोटारी विकण्याची मुभा दिली. अट अशी की मूळ मोटार किमान पंचवीस वर्षांपूर्वीची असावी, इंजिन आजच्या प्रदूषण-मर्यादेत बसावे आणि आकृतीचे हक्क मिळविलेले असावेत. नियम तयार होण्यास तेथेही २०२१ उजाडले, हे आपल्या सरकारी गतीवर टीका करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. परंतु दार उघडले. लहान माणूस कायद्यात बसावा म्हणून तेथे संख्येची मर्यादा घातली. आपल्याकडे संख्या एक असो की एक लाख, दरवाजा एकच आणि तो कारखानदाराच्या उंचीचा.

तपासणीची सोय आपल्याकडे नाही असेही नव्हे. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया १९६६ पासून हेच काम करीत आहे. आपल्या उंबरठ्यावर, वाळूजला, मराठवाडा ऑटो क्लस्टर हे लघुउद्योगांचे सामाईक सुविधा केंद्र आहे. एकट्यास न परवडणारी यंत्रे सर्वांनी मिळून उभारावयाची, या तत्त्वावरच ते उभे राहिले. म्हणजे जे त्या वहीच्या पानावर बारा जणांनी केले तेच, फरक एवढाच की तेथे संस्था आहे, नियम आहेत आणि सरकारचे साह्य आहे. एखाद्या फायबर कारागिरास आपला बंपर घेऊन तेथे जाता यावे, माफक शुल्कात त्याची घट्टपणाची व ज्वलनशीलतेची चाचणी व्हावी, आणि मोटारीची लांबी-रुंदी न बदलणाऱ्या भागांना ते प्रमाणपत्र परिवहन कार्यालयाने मान्य करावे, यात अशक्य असे काही मला दिसत नाही. याला नवा कायदाही लागू नये. कलम ५२ च्या चौकटीत नियमांनी ही वाट काढता येईल असे वाटते.

आणि हे आताच का? कारण पैठण तालुक्याचे दिवस बदलत आहेत. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला, २००१ मध्ये शेंद्र्यास स्कोडा आली. आता बिडकीनची पाळी आहे, आणि बिडकीन आपल्याच तालुक्यात आहे. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटरने राज्य सरकारशी या जिल्ह्यात सुमारे २०,००० कोटी रुपयांच्या प्रकल्पाचा सामंजस्य करार केला. माझे विद्यार्थी तेथे अर्ज करतील, काही जण लागतीलही. परंतु परदेशात काढलेल्या आकृतीप्रमाणे येथे जोडणी करणे हीदेखील एका अर्थाने साच्यातून नग काढण्याचीच क्रिया आहे. साचा घडविणारे हात आपल्याकडे आहेत. ते पत्र्याच्या शेडमध्ये, पावतीशिवाय आणि चोरून काम करीत आहेत. मोठ्या कारखान्यास सुटे भाग पुरविणारा उद्योजक त्यांच्यातून निघावयाचा तर त्याला आधी बिल फाडता आले पाहिजे. सहकाराचा इतिहास याची साक्ष देईल. प्रवरानगरच्या शेतकऱ्यांनी १९५० च्या सुमारास साखर कारखाना उभारला तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांच्या शब्दाला जेवढे मोल होते तेवढेच धनंजयराव गाडगीळांच्या हिशेबाला आणि नोंदलेल्या भागदाखल्याला होते. नुसत्या विश्वासावर बारा माणसे टिकतात. बाराशे टिकत नाहीत.

त्या सायंकाळी अखेर मी दोन कलमे लिहून दिली. मूळ संच ज्याच्या मोटारीवर मापे घेतली त्याच्याकडे राहावा आणि त्यावर पडलेल्या ओरखड्यांची भरपाई सामाईक निधीतून व्हावी, हे पहिले. तेराव्या संचापासून मिळणाऱ्या रकमेचे तीन भाग करून एक कारागिरास द्यावा, हे दुसरे. 'उद्देश' या कलमापुढे विद्यार्थ्याने 'बॉडी किट' असे लिहिले, खोडले, 'फायबरच्या वस्तू' असे लिहिले आणि तेही खोडले. मुद्रांकाचा कागद त्याने आणलाच नव्हता. बारा जणांनी त्या पानावर सह्या केल्याचे पुढे त्याने कळविले. कारागिराच्या हिश्शावरून मात्र दोघे जण अडून बसले आहेत, आणि बारावा संच निघून गेला तरी साचा अद्याप फोडलेला नाही. शेडच्या मागे ताडपत्रीखाली तो पडून आहे. त्याचे काय करावयाचे, हे दिवाळीनंतरच्या बैठकीत ठरणार आहे.